चिरूट : वेष्टनपानाचा रंग व कृत्रिम रंजन

चिरुटाच्या बाहेरून गुंडाळलेल्या तंबाखूच्या अखंड, पातळ व लवचिक पानास वेष्टनपान म्हणतात. चिरुटाचे तीन घटक असतात : आतील भराव, भराव बांधून ठेवणारे बंधनपान व सर्वांत बाहेरचे वेष्टनपान. वजनाच्या दृष्टीने वेष्टनपानाचा वाटा अल्प असला, तरी किमतीच्या दृष्टीने तेच सर्वांत महाग असते. ग्राहकाची नजर प्रथम त्याच्यावर पडते व पुष्कळदा त्याच्या रंगावरूनच चिरुटाच्या कडकपणाविषयी व दर्जाविषयी मत बनते. हा रंग हिरवट पिवळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत असू शकतो. काळसर वेष्टनपान मुळात तसे असते की त्याला बाहेरून रंग दिलेला असतो, हा प्रश्न तंबाखूच्या व्यापारात एकोणिसाव्या शतकापासून विचारला जात आहे. काळसर रंग निर्माण होण्यास कृत्रिम रंजकाची गरज नसते. योग्य पान, उष्णता, आर्द्रता व पुरेसा काळ यांमुळे तो आपोआप येतो. तथापि हा काळ वाचविण्यासाठी व सर्व चिरूट एकसारखे दिसावेत म्हणून पाने रंगविण्याची प्रथाही अस्तित्वात होती व स्वस्त मालाच्या बाबतीत ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

महाराष्ट्रात चिरुटापेक्षा विडी, जर्दा व मशेरी यांचा प्रसार अधिक आहे. तरीही पानाचा रंग कोठून येतो, हा प्रश्न येथेही अपरिचित नाही. ठाणे व कल्याण–डोंबिवली हा परिसर भारतातील कृत्रिम रंजकांच्या निर्मितीचे एक प्रमुख केंद्र ठरल्यामुळे नैसर्गिक व कृत्रिम रंगांतील भेद येथील लोकजीवनाशी निगडित झालेला आहे.

पानाच्या रंगाची कारणे : शेतातील हिरव्या पानात हरितद्रव्य व पिवळी कॅरोटिनॉइडे असतात. पान तोडल्यानंतर ते छपरात टांगून हवेवर सावकाश सुकविले जाते. या काळात हरितद्रव्याचे विघटन होऊन पान प्रथम पिवळे पडते. पानातील क्लोरोजेनिक अम्ल, रूटीन इ. पॉलिफिनॉलांचे एंझाइमांच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होऊन त्यांपासून तपकिरी संयुगे बनतात. कापलेले वांगे किंवा सफरचंद हवेत तपकिरी पडते, त्यामागेही याच जातीची विक्रिया असते. सुकविणे फार जलद झाले, तर ही विक्रिया अपुरी राहते. पानाला थोड्या अवधीत तीव्र उष्णता देऊन हरितद्रव्य टिकवून ठेवले, तर ‘कँडेला’ या नावाने ओळखले जाणारे हिरवे वेष्टनपान मिळते. म्हणजे एकाच जातीच्या पानापासून सुकविण्याच्या पद्धतीनुसार निरनिराळे रंग मिळू शकतात.

रंगावर पानाच्या झाडावरील स्थानाचाही परिणाम होतो. वरची पाने अधिक ऊन घेतात. ती जाड, तेलकट व निकोटिनयुक्त असून गडद होतात. खालची पाने पातळ व फिकट राहतात. सावलीत वाढविलेले पान नाजूक व फिकट, तर उन्हात वाढविलेले जाड व गडद होते. अमेरिकेतील कनेक्टिकट खोऱ्यातील ‘ब्रॉडलीफ’ व मेक्सिकोतील सान आंद्रेस भागातील पाने गडद वेष्टनासाठी विशेष प्रसिद्ध आहेत; कारण त्यांचे जाड पोत दीर्घ किण्वन सहन करू शकते. पातळ पान त्याच उष्णतेत फाटते किंवा कुजते.

किण्वन : सुकलेली पाने किंचित ओलसर करून त्यांच्या मोठ्या राशी रचतात. राशीत आपोआप उष्णता निर्माण होते. तापमान ठराविक मर्यादेपर्यंत चढले की रास मोडून आतील पाने बाहेर व बाहेरील आत अशी पुन्हा रचतात. या क्रियेत अमोनिया बाहेर पडतो, पानाची अम्लता कमी होते, उग्रपणा घटतो व पॉलिफिनॉलांचे ऑक्सिडीकरण पुढे चालू राहून रंग गडद होतो. फिकट वेष्टनासाठी तापमान कमी ठेवून किण्वन लवकर थांबवितात. गडद वेष्टनासाठी तापमान सु. ६०° से. किंवा त्याहून थोडे अधिक चढू देतात व ही क्रिया कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ चालते. अशा पानांना ‘मादुरो’ म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘पिकलेले’ असा आहे. रंगानुसार क्लारो (फिकट), कोलोरादो (तांबूस), मादुरो (गडद तपकिरी) व ओस्कुरो (काळपट) अशी प्रतवारी व्यापारात रूढ आहे. या संज्ञा छटा दर्शवितात. ती छटा कोणत्या मार्गाने आली, हे त्यांवरून कळत नाही. प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : गडद व फिकट चिरुटांची आवड काळानुसार बदलत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काही काळ गडद वेष्टनाला मोठी मागणी होती. नैसर्गिक किण्वनाला लागणारा काळ व्यापाऱ्यांना परवडेना, म्हणून पेट्यांत बांधलेली पाने उष्ण व दमट खोल्यांत ठेवून त्यांचे सक्तीचे किण्वन करण्याच्या पद्धती प्रचारात आल्या. वाफ देणे, पाने उकळणे, तंबाखूच्या देठांचा काढा पानांवर फवारणे, मळी व ज्येष्ठमधाचा अर्क लावणे इ. उपायही केले जात. याच सुमारास कृत्रिम रंजके सुलभ झाली. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये डांबरापासून पहिले व्यापारी कृत्रिम रंजक तयार केले होते व त्यानंतरच्या काही दशकांत तपकिरी व काळी ॲनिलीन रंजके स्वस्त दराने मिळू लागली. कापड व चामडे यांसाठी बनविलेले रंजक पानाला लावण्यात तांत्रिक अडचण अशी नव्हतीच.

दुसरीकडे सुमात्रा बेटातील देली भागात याकोबुस नीनहाउस या डच व्यापाऱ्याने १८६३ नंतर तंबाखूचे मळे उभारले. तेथील पान अतिशय पातळ, रेशमी व फिकट असे. ते यूरोप-अमेरिकेत इतके लोकप्रिय झाले की, आपल्या शेतकऱ्यांना संरक्षण देण्यासाठी अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात वेष्टनपानावर पौंडास दोन डॉलर इतका जबर कर बसविला. या स्पर्धेला उत्तर म्हणून कनेक्टिकटमध्ये १९०० पासून कापडी मांडवाखाली सावलीतील तंबाखू घेण्यास प्रारंभ झाला. फिकट पानाची चलती सुरू झाल्यावर काळसर पान काही काळ मागे पडले. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला पुन्हा मागणी आली व रंग खरा की खोटा, हा जुना वादही परतला. या इतिहासावरून असे दिसते की, बाजार जेव्हा पानाच्या गुणाऐवजी छटेला किंमत देतो, तेव्हा छटा निर्माण करणारे जवळचे मार्ग शोधले जातात.

कृत्रिम रंजन व त्याची ओळख : ‘कृत्रिम’ या एका शब्दात भिन्न क्रियांचा समावेश केला जात असल्याने या विषयात पुष्कळ गोंधळ झाला आहे. त्यांचे तीन गट पाडता येतात. पहिल्या गटात केवळ उष्णता व वाफ वाढवून किण्वनाची गती वाढविली जाते. येथे बाहेरचा पदार्थ मिसळला जात नाही, मात्र पानाची चव सपाट होण्याचा संभव असतो. दुसऱ्या गटात तंबाखूच्याच देठांचा किंवा पानांचा काढा, साखर, मळी अथवा जळकी साखर यांचा लेप दिला जातो. तिसऱ्या गटात खरोखरीचे रंजक लावले जाते. पहिल्या गटाला रंगकाम म्हणणे योग्य नाही. तिसऱ्याला दुसरे नाव देता येणार नाही. दुसरा गट या दोहोंच्या सीमारेषेवर आहे. काही यूरोपीय देशांच्या नियमांत वेष्टनपानाला लावता येणाऱ्या पदार्थांची स्वतंत्र यादी असे. यावरून ही प्रथा केवळ लपूनछपून चालणारी नव्हती, हेही स्पष्ट होते.

रंगविलेले पान ओळखण्यासाठी ओल्या पांढऱ्या कापडाने किंवा बोटाने चिरूट पुसून पाहण्याची रीत सर्वत्र सांगितली जाते. ही कसोटी निर्णायक नाही. किण्वनात निर्माण होणाऱ्या तपकिरी द्रव्यांपैकी काही पाण्यात विद्राव्य असल्यामुळे अस्सल काळसर पानही थोडा तपकिरी डाग सोडते. डाग गर्द व काळा असेल, ओठांना व बोटांना रंग लागत असेल, पानाच्या शिरा व पृष्ठभाग यांची छटा अगदी एक असेल, तर संशयास जागा राहते. अस्सल पानात शिरा वेगळ्या उठून दिसतात, छटा ठिकठिकाणी बदलते व एकाच पेटीतील दोन चिरूटही तंतोतंत सारखे नसतात. म्हणून निर्दोष एकसारखेपणा हा येथे गुण नसून संशयाचे कारण ठरतो. निश्चित निर्णयासाठी पानाचा अर्क काढून वर्णलेखनाने (मिश्रणातील घटक अलग करण्याच्या रासायनिक पद्धतीने) त्यातील रंजके ओळखावी लागतात. कृत्रिम रंजक ठराविक संरचनेचे एकच संयुग असल्याने त्याचा ठिपका स्पष्ट व वेगळा पडतो. पानातील नैसर्गिक तपकिरी द्रव्ये अनेक संयुगांचे मिश्रण असल्याने त्यांचा पट्टा अस्पष्ट व पसरट दिसतो.

भारतातील चिरूट : तंबाखू भारतात पोर्तुगीजांमार्फत आला व दख्खनमध्ये तो लवकर स्थिरावला. अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापूर येथे तंबाखू पाहून तो इ. स. १६०४–०५ च्या सुमारास अकबराच्या दरबारात सादर केला. ‘चिरूट’ हा शब्द तमिळमधील ‘शुरुट्टु’ (गुंडाळी) या शब्दावरून आला असून इंग्रजीतील ‘चेरूट’चे मूळही तेच आहे. तिरुचिरापल्ली व दिंडिगुल ही चिरूट-निर्मितीची जुनी केंद्रे होत. तिरुचिरापल्लीचा गडद चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये इतका परिचित होता की, आर्थर कॉनन डॉइल यांच्या १८८७ मधील पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत त्याच्या काळसर राखेवरून गुन्हेगाराचा माग लावलेला दाखविला आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या पात्रातील बेटांवर होणारा ‘लंका’ तंबाखूही चिरुटासाठी प्रसिद्ध आहे. १९४७ मध्ये राजमहेंद्री येथे केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था स्थापन झाली व पुढे वेष्टनपानाच्या संशोधनासाठी पश्चिम बंगालमधील दिनहाटा येथे केंद्र उघडण्यात आले. उत्तर बंगालची दमट हवा पातळ व लवचिक पानास अनुकूल असते. [→ तंबाखू].

महाराष्ट्रातील समांतर उदाहरणे : विडीचे वेष्टन तंबाखूचे नसून वन्य झाडाच्या पानाचे असते. विदर्भात टेंभुर्णीची (तेंदू) पाने त्यासाठी वापरतात. ठाणे जिल्हा व कोकण यांच्या वनांत आढळणाऱ्या आपट्याची पानेही विडीसाठी वापरली जात. परंतु टेंभुर्णीचे पान अधिक लवचिक व टिकाऊ असल्याने तेच सर्वत्र रूढ झाले. टेंभुर्णीची पाने उन्हाळ्यात तोडून पुडक्यांच्या स्वरूपात उन्हात वाळवितात. त्या वेळी ती हिरवी असून वाळताना तांबूस-तपकिरी होतात. वळलेल्या विड्या शेकल्यावर त्यांचा रंग आणखी गडद होतो. या रंगामागेही ऊन व उष्णता हीच कारणे आहेत. महाराष्ट्रात तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या कायद्यानुसार शासनाच्या नियंत्रणाखाली आणण्यात आला.

सीमाभागातील निपाणीचा तंबाखू विडीच्या भरावासाठी विख्यात आहे. तेथे पीक पक्व झाल्याची खूण म्हणजे पानावर उमटणारे तांबूस ठिपके. शेतकरी व व्यापारी दोघेही हे ठिपके, पानाचा रंग व वास पाहून मालाची प्रत ठरवितात. म्हणजे रंग हा येथे पक्वतेचा पुरावा मानला जातो व त्यावरून भाव ठरतो. भाव ठरविण्याची सत्ता मात्र दीर्घकाळ खरेदीदाराच्या नजरेकडे राहिली. तंबाखूला रास्त भाव मिळावा, या मागणीसाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये निपाणीला झालेले मोठे शेतकरी आंदोलन या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. ज्याच्या रंगावर उत्पादकाचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते, त्या पानाच्या रंगाचा प्रश्न केवळ शौकिनांच्या जिज्ञासेपुरता उरत नाही.

मशेरीचे उदाहरण आणखी बोलके आहे. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून त्याची पूड करतात व ती दातांना व हिरड्यांना लावतात. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, ही सवय खोलवर रुजलेली आहे. मशेरीचा काळा रंग पूर्णपणे भाजण्यातून येतो. त्यात रंजक नसते. तरीही भाजण्याच्या क्रियेतच काही कर्करोगकारक हायड्रोकार्बने निर्माण होतात. रंग कृत्रिम नाही, म्हणून पदार्थ निरुपद्रवी आहे, हा तर्क किती फसवा आहे, हे यावरून दिसून येते.

ठाणे–कल्याण परिसर व कृत्रिम रंजके : स्वातंत्र्यापूर्वी भारतात लागणारी कृत्रिम रंजके प्रामुख्याने आयात होत. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रविद्या विभागात (स्थापना १९३३) रंजकांच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. तेथील प्राध्यापक व पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झालेले कृ. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंजकांच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ १९५२ पासून जगभर प्रमाण मानला गेला. मुंबईतील कापडगिरण्यांची मागणी, रेल्वे, उल्हास नदीचे पाणी व बंदराची जवळीक यांमुळे ठाणे व कल्याण येथे रंजकांचे कारखाने उभे राहिले. कल्याणचा इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज (१९५४) व ठाण्याचा कलर-केम (१९५६) हे त्यांपैकी ठळक होत. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने डोंबिवली येथे औद्योगिक क्षेत्र विकसित केले व रसायने आणि रंजके यांच्या अनेक लहान कारखान्यांना तेथे जागा मिळाली. कालांतराने जुन्या मोठ्या कारखान्यांपैकी काही बंद पडले व त्यांच्या जागी निवासी इमारती आल्या.

हे कारखाने कापड, कागद, चामडे इत्यादींसाठी रंजके बनवीत. खाण्याच्या किंवा ओढण्याच्या पदार्थांसाठी नव्हे. परंतु एकदा रंजक बाजारात सुटे मिळू लागले की त्याचा अपप्रयोग रोखणे कठीण जाते. हळद व डाळी यांत मेटॅनिल यलो हे कापडासाठीचे पिवळे रंजक मिसळले जाण्याचे प्रकार महाराष्ट्रात सुपरिचित आहेत. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. खाद्यपदार्थांत वापरण्यास परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंजकांत लाल, पिवळी, निळी व हिरवी रंजके आहेत. तपकिरी किंवा काळे एकही नाही. तपकिरी छटेसाठी जळक्या साखरेचा (कॅरामेल) उपयोग केला जातो. चिरूट हा खाद्यपदार्थ नसल्याने ही यादी त्याला लागू होत नाही. तथापि जे रंजक मिठाईत चालत नाही, ते ओठांत धरून जाळण्याच्या पानावर असणे अधिक गंभीर आहे, कारण जळताना रंजकाचे विघटन होऊन नवी व काही वेळा अधिक घातक संयुगे बनतात.

रंजकाची थोडी मात्राही केवढे क्षेत्र व्यापते, याचा प्रत्यय डोंबिवलीच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० मध्ये आला. त्या वेळी औद्योगिक क्षेत्रातील एक रस्ता रासायनिक द्रव्यांमुळे गुलाबी झाला होता. रंगाची किंमत वस्तूच्या ग्राहकाइतकीच ती बनविणाऱ्या कामगाराला व कारखान्याशेजारी राहणाऱ्या नागरिकालाही चुकवावी लागते, ही गोष्ट रंजकांच्या इतिहासात अनेकदा दृष्टीआड झालेली आहे.

मूल्यमापन : काळसर वेष्टनपान पाहताच ते रंगविलेले असावे असे मानणे जसे चुकीचे, तसेच सर्व काळसर पाने दीर्घ किण्वनाने पक्व झालेली असतात असे मानणेही चुकीचे होय. जाड पानाचे, सावकाश किण्वन झालेले वेष्टन हे कुशल कामगारांच्या महिनोन्‌महिन्यांच्या श्रमाचे फळ असते. रंगविलेले पान त्या श्रमांचे मोल बुडविते. कारण न झालेल्या कामाची किंमत ग्राहकाकडून वसूल केली जाते. म्हणून कृत्रिम रंजनास पहिला आक्षेप फसवणुकीचा व दुसरा आरोग्याचा आहे.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र अस्सल व रंगविलेला चिरूट यांतील अंतर मर्यादित आहे. पानाचा रंग गडद असल्यास चिरूट कडक असतो व फिकट असल्यास सौम्य, ही समजूतही सर्वस्वी खरी नाही; कडकपणा मुख्यतः भरावावर अवलंबून असतो. चिरुटाचा धूर फुप्फुसात ओढला नाही, तरी मुख, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भारतात २००३ च्या कायद्याने सर्व तंबाखूजन्य वस्तूंच्या जाहिरातीवर बंदी असून वेष्टनावर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्याच्या विक्रीवरही बंदी घातली. वेष्टनपानाचा रंग निसर्गाने दिलेला आहे की माणसाने, हे रसायनशास्त्र निश्चितपणे सांगू शकते. परंतु त्या उत्तरामुळे तंबाखूच्या मूळ दोषात फरक पडत नाही.